संच्यांच्या गावातला चिमणराव

सुरतेत मराठी माणूस दोन वाटांनी आला. एक वाट बडोद्याची. शेजारचा नवसारी प्रांत गायकवाडांचा, त्यामुळे कारकून, मास्तर, वकील अशी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या बाजूला स्थिरावलेली. त्यांच्या घरी पेटी, पंचांग आणि दिवाळी अंक. दुसरी वाट ताप्ती लाइनची. भुसावळ, अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला पोचणाऱ्या गाडीने खानदेशातली पोरं यायची आणि उधना, लिंबायत, पांडेसरा इथल्या संच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, पाळीला लागायची. त्यांच्याही घरी पेटी असायची, पण पत्र्याची. सोबत कळण्याच्या भाकरीचं पीठ आणि अहिराणी. आम्ही या दुसऱ्या वाटेचे.

पहिल्या वाटेच्या घरांना आमचं फारसं काही ठाऊक नव्हतं आणि आम्हाला त्यांचं. एकाच शहरात राहून एकमेकांची पायरी चढायचा प्रसंग यायचा नाही. पण १९७७ च्या सुमारास दोन्हीकडे एकाच संध्याकाळी एकच माणूस येऊन बसायला लागला. दिलीप प्रभावळकर त्याचं नाव, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी तो नुसता चिमणराव, दूरदर्शनच्या मालिकेतला.

तो यायचा कसा, हेही सांगायला हवं, कारण आमच्या पोरांना ते खोटं वाटतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पिजचं केंद्र १९७५ चं, पण ते सुरतेला काही उपयोगाचं नव्हतं. मुंबई दूर होती, पण मध्ये समुद्राकाठची सपाट जमीन होती. वैशाखात संध्याकाळी वारा पडला, समुद्रावर गरम हवेचा थर बसला की लहरी त्याखालून वाकून थेट इकडे यायच्या आणि वरळीचं चित्र उधन्यात उमटायचं. हे शास्त्र पुढे कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की उकाडा जितका जास्त तितका टीव्ही चांगला. थंडीत बहुतेक दिवस नुसत्या मुंग्या.

टीव्ही आमचा नव्हता. तो घरधण्याचा. पुढच्या अंगाला ते राहायचे, मागच्या खोल्यांत आम्ही भाडेकरू, सगळे धुळे-जळगावकडचे. घरधणी काका अस्सल सुरती. त्यांनी धाब्यावर नळाचे पाइप एकावर एक जोडून त्यावर अँटेना चढवला होता, खाली बूस्टर, आणि चारी बाजूंनी तारांचे ताण. त्यांना हवं होतं ते 'छायागीत', रविवारचा पिक्चर आणि मुंबई केंद्रावरचे गुजराती कार्यक्रम. मुलांची 'संताकुकडी' आणि मोठ्यांसाठी 'आवो मारी साथे'. पण अँटेना काही भाषा बघून लहरी पकडत नाही. गुजराती कार्यक्रम संपला की मराठी सुरू व्हायचा, आणि मासी, म्हणजे घरधणी काकांची बायको, मागच्या दाराशी येऊन हाक मारायची, "चालो, तमारुं आव्युं!" आमचं आलं. मग आम्ही चुलत, मावस, शेजारची सगळी पोरं जमिनीवर, बाया दाराशी, आणि पाळीवरून आलेले पुरुष ओट्यावर, खिडकीतून आत बघत.

चित्र गेलं की एकाने धाब्यावर जायचं, एकाने जिन्यात उभं राहायचं आणि एकाने टीव्हीपाशी. वरचा पाइप फिरवायचा, खालचा ओरडायचा, जिन्यातला निरोप पोचवायचा. "आलं, आलं... गेलं!" संक्रांतीला, म्हणजे इथल्या उतराणीला, तर चार दिवस काही खरं नसायचं. अख्ख्या सुरतेचा मांजा जणू आमच्याच अँटेनावर येऊन अडकायचा. कापलेले पतंग वर फडफडत राहायचे आणि खाली पडद्यावर चिमणरावाला दोन-दोन डोकी फुटायची. तशा दोन डोक्यांच्या चिमणरावालाही आम्ही हसलोच.

आता खरी गोष्ट आप्पांची. आप्पा आमचे मोठे काका, संचा चालवायचे. बारा-बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रातची. पत्र्याच्या शेडमध्ये संचे सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. काही वर्षांनी तेही पुरत नाही. संच्यावर उमर काढलेल्या माणसांचे कान जातात, ही गोष्ट उधन्यात कुणाला सांगावी लागत नाही. आप्पांना तेव्हाच निम्म्याहून कमी ऐकू यायचं. त्यात टीव्हीचा आवाज कधी खरखर, कधी गप्प. आणि भाषा? चिमणरावाच्या घरातली मराठी ही पुण्यातल्या पांढरपेशा ब्राह्मणाची. आमच्या घरात 'तू कथा जाई रायना' चालायचं. शाळेतली मराठी आम्हा पोरांना थोडीफार यायची, पण बायांना आणि आप्पांना त्या संवादांतलं अर्धं डोक्यावरून जायचं.

तरी आप्पा हसायचे, आणि नेमके जागच्या जागी हसायचे. आम्हाला शब्द कळूनही उशीर व्हायचा, ते आधीच हसून मोकळे.

हे कसं, याचा विचार आम्ही भावंडांनी पुढे खूप केला. माझं मत असं झालंय, आणि ते मी कुणापुढेही मांडीन, की प्रभावळकरांचा चिमणराव शब्दांवर उभाच नव्हता. तो भीतीवर उभा होता. चिमणराव साहेबाला भितो, बायकोला भितो, पाहुण्याला भितो, नव्या यंत्राला भितो, आणि आपण भितो हे कुणाला कळेल म्हणून सगळ्यात जास्त भितो. प्रभावळकर ही भीती आधी डोळ्यांत आणायचे. अंग अजून ताठ, हात जागेवर, चेहऱ्यावर उसनं अवसान, पण डोळे मात्र केव्हाच दाराबाहेर पळालेले. मग मान जायची, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तो बारीक आवाज फुटायचा. आवाज येईपर्यंत विनोद होऊन गेलेला असायचा. ज्याचे कान गेलेत त्याला ही सगळी पायरी-पायरी दिसायची. आम्ही शब्दांची वाट बघत बसायचो म्हणून मागे पडायचो.

आणि भीती कुठल्या बोलीत वेगळी असते? आप्पांना शेठपुढे उभं राहिलेलं आम्ही पाहिलं होतं. ताका, म्हणजे कापडाचा तागा, खराब निघाला म्हणून पैसे कापायचे असले की शेठ कारीगराला बोलावून घ्यायचा. तो कापड टेबलावर पसरून बोट ठेवायचा. आप्पा त्या बोटाकडे बघत उभे राहायचे, हात मागे, आणि तोंडावर 'मला काही वाटत नाही' असा भाव. घरधण्याच्या खोलीत चिमणराव साहेबासमोर उभा राहिला आणि आमच्यातल्या एकाच्या तोंडून निघून गेलं, "हाऊ ते आपला आप्पाच शे!" सगळी खोली खो-खो हसली. आप्पांना ऐकू गेलं नसावं असं आम्हाला वाटलं. पण ते उठले, बाहेर ओट्यावर जाऊन बिडी पेटवली, आणि तिथून खिडकीतून बघत राहिले. पुढच्या वेळी सगळ्यांत आधी येऊन बसलेले तेच होते.

घरधणी काकांना तो 'चिमनभाई' वाटायचा. गुजरातेत त्या नावाला तेव्हा वेगळीच धार होती. १९७४ च्या नवनिर्माण आंदोलनात मुख्यमंत्री चिमनभाई पटेलांना खुर्ची सोडावी लागली होती आणि त्याला फार दिवस झाले नव्हते. त्यामुळे मासीने "कोण आव्युं?" विचारलं की काका मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "चिमनभाई!" आणि मग हळूच, "पण आ तो बिचारो सीधो माणस छे." मालिकेत गुंड्याभाऊ आला की मात्र ते सावरून बसायचे. बाळ कर्व्यांचा तो धिप्पाड गुंड्याभाऊ त्यांचा लाडका. भित्र्याच्या शेजारी निधडा उभा केला म्हणजे भित्र्याला पळायला जागा उरत नाही, ही त्या जोडीतली खरी गंमत. एकटा चिमणराव कुठल्याही संकटातून शेपूट घालून सुटला असता. गुंड्याभाऊ त्याला सुटू देत नाही.

ज्याने ही जोडी कागदावर आणली तो माणूस आमच्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर राहून गेला होता, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चिंतामण विनायक जोशी जन्माने पुण्याचे, पण हयात गेली बडोद्यात. बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, संस्थानच्या दफ्तरखान्याचं काम त्यांनी केलं, बुद्धावर आणि जातककथांवर लिहिलं, आणि या सगळ्या गंभीर उद्योगाच्या फटीत चिमणराव. 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावाचे चऱ्हाट' ही पुस्तकं १९३० च्या दशकातली. म्हणजे सदाशिव पेठी म्हणून सगळा महाराष्ट्र ज्याला ओळखतो तो चिमणराव गुजरातेत बसून लिहिला गेला. मला यात नवल वाटत नाही. गावात राहून गावाची थट्टा करता येते, पण इतकी मायेने करायची तर थोडं लांब जावं लागतं. चि. वि. १९६३ साली गेले. त्यांचा चिमणराव पडद्यावर आला तो त्यांच्यामागे चौदा-पंधरा वर्षांनी, विजया धुमाळे-जोगळेकरांनी दूरदर्शनवर आणला तेव्हा.

चि. विं.बद्दल आम्हाला सांगितलं ते गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका गुजराती मास्तरांनी. त्यांना मराठी वाचता यायचं. ते म्हणायचे, तुमचा चिमणराव म्हणजे आमचे ज्योतींद्र दवे. ज्योतींद्र दवे सुरतचेच, जन्म १९०१ चा, गुजराती विनोदातलं सगळ्यात मोठं नाव. धनसुखलाल मेहतांबरोबर त्यांनी 'अमे बधां' लिहिलं, त्यात जुनी सुरत उभी आहे. स्वतःच्या काडीपैलवान शरीराची थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मास्तरांचं म्हणणं आम्ही तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे दोन्ही वाचलं आणि ते बरोबर होते हे कळलं. सुरतेच्या दोन टोकांना दोन भाषांत लोक एकाच जातीच्या माणसाला हसत होते, कमजोर, सुशिक्षित आणि अपमान गिळून सौजन्य दाखवणाऱ्या माणसाला.

प्रभावळकर त्याआधी काय करत होते, हे आम्ही मागाहून जमवलं. जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. रत्नाकर मतकरींच्या नाटकांत ते वाढले. 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण त्यांनी केली होती, म्हणजे लोकांसमोर गाजलेलं पहिलं मोठं सोंगच बाईचं आणि तेही चेटकिणीचं. दूरदर्शनवर विनायक चासकरांचा 'गजरा' होता. दोन-चार मिनिटांची प्रहसनं, एखादं गाणं, एखादी नक्कल, असं ओवलेलं. पुढे लक्ष्या म्हणून घराघरांत गेलेला लक्ष्मीकांत बेर्डेही तिथे दिसायचा. आज 'हास्यजत्रा' आणि 'हवा येऊ द्या' बघणाऱ्या पोरांना ही चार मिनिटांची शिस्त नवी वाटते, पण तिचा पाया मुंबई दूरदर्शनने तेव्हाच घातला होता. बबन प्रभू आणि याकूब सईद यांचं 'हास परिहास' हेही त्याच मातीतलं. आम्हाला 'गजरा' नीट दिसायचा नाही. चार मिनिटांचं प्रहसन म्हणजे पाइप फिरवून चित्र येईपर्यंत संपलेलं. चिमणराव अर्धा तास थांबायचा, म्हणून तो आमच्या वाट्याला आला.

चिमणरावाने प्रभावळकरांना घराघरात नेलं. अशा यशात नट बहुधा अडकतो. लोक त्याला दुसऱ्या कपड्यांत ओळखायला तयार नसतात. ते कसे निसटले? माझ्या मते त्यांनी प्रत्येक वेळी स्वतःचा चेहराच मागे ठेवला. आम्ही त्यांचे सिनेमे भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिले, रातभर, एका भाड्यात चार-चार कॅसेटी. 'चौकट राजा' १९९१ चा. मंदबुद्धी नंदू. पिक्चर संपला तरी आमच्या आयांना हा कोण नट हे समजलं नव्हतं. कुणीतरी "चिमणराव" म्हणालं तेव्हा आई रागावली, "काहीतरी बोलू नको." १९९३ ला 'झपाटलेला' आला. त्यातला तात्या विंचू. गुंड मरतो आणि बाहुल्यात शिरतो. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि आवाज प्रभावळकरांचा. आमच्या धाकट्या भावंडांनी कित्येक रात्री त्या आवाजाने झोप घालवली. एकटे आप्पा मात्र कोरे. त्यांना बाहुल्यात काहीच दिसेना. आवाज ऐकू येत नसलेल्या माणसाला तात्या विंचू म्हणजे फक्त एक लाकडाचं कुरूप पोरगं. "यामा काय शे?" त्यांनी विचारलं आणि झोपायला गेले. चिमणराव संपूर्ण कळलेला माणूस तात्या विंचूपाशी अडला, आणि तेही कानांमुळे.

मोठा चुलतभाऊ मुंबईला कामाला लागला आणि तिथे त्याने 'हसवाफसवी' पाहिलं. नाटक प्रभावळकरांनीच लिहिलेलं, त्यात सहा भूमिका त्यांच्याच. त्याने सुट्टीत येऊन आम्हाला ते तोंडी करून दाखवलं आणि ते इतकं वाईट केलं की आम्ही ते कधीच विसरलो नाही. दीप्ती लुकतुके नावाची नटी त्याने ओढणी घेऊन केली. पण कृष्णराव हेरंबकर हा संगीत नाटकातला म्हातारा नट करताना तो मध्येच थांबला आणि म्हणाला, "हे नाही जमणार. लोक हसत होते आणि शेवटी रडायला लागले." घरधणी काकांच्या मुलाने लगेच सुरतची बाजू घेतली. "अमारो संजीवकुमार!" संजीवकुमार म्हणजे हरिहर जरीवाला, जन्म सुरतचा, आडनावातच इथली जरी. 'नया दिन नई रात' या १९७४ च्या पिक्चरमध्ये त्याने नऊ भूमिका केल्या होत्या. सहा मोठे की नऊ, यावर त्या रात्री दोन भाषांत वाद झाला. नऊ एका पिक्चरमध्ये, पण सहा एका रात्रीत, एका रंगमंचावर, पडदा बंद असताना कपडे बदलून. शेवटी मासीने पोंक, म्हणजे इथला हुरडा, आणून ठेवला आणि वाद तात्पुरता थांबला.

वाद मिटला नाही, कारण त्यात सतीश शाहचंही नाव आलं. त्याआधी १९८४ साली राष्ट्रीय कार्यक्रमात 'ये जो है जिंदगी' ही मालिका आली होती. तोवर आमचा स्वतःचा टीव्ही झाला होता, हप्त्यांवर. त्या मालिकेत सतीश शाह जवळजवळ प्रत्येक भागात नवा माणूस. कधी साहेब, कधी पाहुणा, कधी कुठल्या प्रांतातला. तो कच्छी गुजराती, म्हणून घरधण्याच्या घरात त्याचा पक्ष. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. सतीश शाह प्रत्येक भूमिकेत मजा करत होता आणि ती मजा आपल्याला लागायची. प्रभावळकर मजा करत नसत. ते त्या माणसाच्या अडचणीत गंभीरपणे अडकलेले असत, आणि हसायचं की नाही हे आपल्यावर सोडून देत. दोन्ही कला आहेत. पण दुसरी फार थोड्यांना येते.

मग केबल आली आणि अँटेना भंगारात गेला. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झालं. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, सुरत काय आणि दादर काय. २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी'वरून केदार शिंदेंनी केलेलं. टिपरे आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. प्रभावळकर तेव्हा साठीच्या आतले, पण आजोबा असे की आमच्या आप्पांना ते आपल्या वयाचे वाटायचे. एव्हाना आमच्या घरात बदल झाले होते. आमची मुलं इंग्रजी माध्यमात, आपसांत गुजराती, आईशी मराठी, आणि अहिराणी फक्त आजीशी. टिपऱ्यांचं घर त्यांना परकं वाटलं नाही. आम्हाला चिमणरावाचं घर जितकं परकं वाटलं होतं, त्याच्या दशांशानेही नाही. आम्ही मधल्या काळात पांढरपेशे झालो होतो, हे त्या मालिकेने आम्हाला दाखवलं. घरात सोफा होता, भिंतीला कॅलेंडर नव्हतं. आप्पांना मात्र टिपरे आवडले नाहीत. सगळे बसून नुसते बोलतात, असं त्यांचं म्हणणं. ऐकू न येणाऱ्याची तक्रार रास्त होती. प्रभावळकर तिथेही कमालच करत होते, पण ती कमाल आता शब्दांच्या आत होती.

२००६ चा ऑगस्ट सुरतेला विसरता यायचा नाही. उकाईतून पाणी सुटलं आणि तापी शहरात शिरली. अडाजणला राहणाऱ्या भावाच्या घरात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आलं. तळमजल्यावरचा टीव्ही, जुन्या व्हीसीआरच्या कॅसेटी, लग्नाचे अल्बम, सगळं गाळात. दोन-तीन आठवडे आम्ही फावड्याने घरं साफ करत होतो. चिखल काढून संपत नव्हता आणि वाळला की दगड व्हायचा. १ सप्टेंबरला 'लगे रहो मुन्नाभाई' लागला. कंटाळलेले, अंगाला औषधाचा वास येणारे आम्ही सगळे पिक्चरला गेलो, घरधण्याचा मुलगाही आला. तोही आता चाळिशीतला.

गांधी पडद्यावर आले. सुरतेत गांधी बघणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. दांडी इथून तासाभरावर, बारडोली त्याहून जवळ. इथल्या कैक घरांत कुणा आजोबांनी बापूंना पाहिलेलं असतं, नाहीतर पाहिलं असं सांगितलेलं तरी असतं. गांधीचं सोंग घेणाऱ्याला इथे माफी नसते. आणि हा तर विनोदी पिक्चर, मुन्नाभाईला एकट्याला दिसणारा गांधी. थिएटर गप्प झालं. प्रभावळकरांनी विनोद केला नाही. ते नुसते उभे राहिले, थोडे वाकून, आणि समोरच्या गुंडाकडे कुठलाही निवाडा न देता बघत राहिले. मध्यंतराला घरधण्याच्या मुलाने मला कोपर मारलं. "अरे, आ तो पेलो चिमनभाई!" जवळजवळ तीस वर्षांनी त्याने ओळखलं होतं, आणि तेही डोळ्यांवरून. भित्र्या माणसाच्या डोळ्यांत जी नरमाई होती, तीच भीती काढून घेतल्यावर गांधी झाली होती. या भूमिकेसाठी आणि 'शेवरी'साठी मिळून त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमच्या घरी त्याचे पेढे वाटले गेले नाहीत, पण सुरतची मिठाई, घारी, खाल्ली गेली.

आप्पांना आम्ही तो पिक्चर नंतर सीडीवर दाखवला. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. ते सगळा वेळ गांधी आला की पुढे सरकायचे आणि गेला की मागे टेकायचे. मुन्नाभाईकडे त्यांनी फारसं लक्ष दिलं नाही.

बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, पंचाण्णवीच्या उंबऱ्यावर. पुढच्याच महिन्यात 'दशावतार' लागला, त्यात एक्याऐंशी वर्षांचे प्रभावळकर कोकणातले दशावतारी नट बाबुली मेस्त्री. तोंडाला रंग, डोक्यावर मुकुट, एकामागून एक सोंगं. आम्ही भावंडं आता पांगलोय, सुरत, पुणे, नाशिक, एक बहीण शारजाला. सगळ्यांनी तो आपापल्या गावी पाहिला आणि मग फोनवर सगळे एकत्र जमले. बोलणं 'दशावतार'वरून निघालं आणि पाच मिनिटांत चिमणरावापाशी आलं. कुणाला अख्खा प्रसंग आठवत नाही. दूरदर्शनवर त्या काळी टेपा महाग होत्या, एकाच टेपेवर पुन्हा-पुन्हा चित्रण व्हायचं, आणि त्या मालिकेचे बरेचसे भाग तसेच पुसले गेले. थोडेच उरलेत. त्यामुळे आमचे वाद मिटायला पुरावाच नाही. धाकटी म्हणते, एका भागात चिमणरावाची छत्री उघडतच नाही आणि तो ती तशीच डोक्यावर धरून चालतो. मोठा चुलतभाऊ म्हणतो, छत्री नव्हतीच, तो सोटा होता आणि गुंड्याभाऊचा होता. मला दोन्ही आठवत नाही, मी बहुतेक तेव्हा धाब्यावर पाइप फिरवत होतो. चुलतभावाने आता दूरदर्शनला पत्र लिहून विचारायचं ठरवलंय. धाकटीने त्याला बजावलंय की पत्रात छत्रीच लिहायची.